चाचणीचा हात

सकाळी खोलीत आल्या आल्या डॉक्टर कोट खुंटीला लावत, यंत्राचा खटका ओढत आणि आपला डावा हात नळीसमोर धरत. हे झाल्याशिवाय ते कुणाशी धड बोलत नसत. इस्पितळाच्या तळघरातली ती खोली. खिडकीला काळा पडदा, भिंतीला ओल आणि मधोमध ते कडकड वाजणारं एक्स-रेचं यंत्र. वरच्या मजल्यावरची डॉक्टर मंडळी जिन्यातून डोकावून म्हणत, "काय फोटोग्राफर, आज कुणाच्या बरगड्या मोजल्या?" डॉक्टर नुसते हसत. त्यांना राग म्हणून यायचाच नाही, आणि खरं सांगायचं तर सगळं तिथेच बिघडलं. ज्या माणसाला स्वतःच्या दुखण्याचाही राग येत नाही, त्याच्या घरच्यांनी करायचं तरी काय?

नळी म्हणजे काचेचा एक मोठा फुगा, आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली. वीज सोडली की तो हिरवट उजळायचा आणि त्यातून ते किरण निघायचे, जे मांसातून सरळ पार होतात आणि हाडापाशी अडतात. पण नळी भलती लहरी होती. काल गुण्यागोविंदाने चाललेली आज रुसून बसे. कधी किरण इतके मऊ की पडद्यावर मांसही काळं आणि हाडही काळं. कधी इतके कडक की हाडंसुद्धा धुरासारखी पुसट. रोग्याला टेबलावर झोपवण्याआधी तिची आजची मिजास ओळखणं भाग होतं. त्यासाठी हा उद्योग ज्यांनी ज्यांनी सुरू केला होता, त्या सगळ्यांना एकच युक्ती सापडली होती. स्वतःचा हात मध्ये धरायचा आणि चमकत्या पडद्यावर त्याची सावली बघायची. हात काय, कायम बरोबर असतो. डॉक्टरांना स्वतःच्या तोंडापेक्षा डाव्या हाताची हाडं जास्त ओळखीची झाली होती.

शेजारच्या अंधारखोलीत त्यांची बहीण फोटोच्या काचा धुवायची. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. केस पिकायला लागले तरी ती धाकटीच राहिली. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, तेव्हा वहिनीने दारातच तिची पेटी हातातून घेतली होती आणि पुढे कधी एका शब्दाने टोचलं नव्हतं. पण बसून खाणाऱ्यातली धाकटी नव्हती. त्यातच डॉक्टरांचा हात बिघडायला लागला आणि तिला काम मिळालं.

आधी हात नुसता लाल झाला. मग कातडी कोरडी पडून तडकली, नखांवर रेघा उठल्या, बोटांच्या पेरांवर चामखिळी आल्या. कारण उघड होतं. काचा धुवायच्या रसायनात दिवसभर बोटं बुडवली तर कातडी जाणारच. इतर गावांतले एक्स-रेवालेही हेच सांगत. डॉक्टरांनी जाड रबरी हातमोजे मागवले. अंधारखोलीत शिरताना ते घालायचे आणि नळीसमोर यायचं झालं की काढून ठेवायचे, कारण हातमोज्याने पडद्यावरची सावली बिघडते! आज हे ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो. जिथे धोका नव्हता तिथे चिलखत आणि जिथे होता तिथे उघडा पंजा. पण तेव्हा कुणाच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही, आणि ती सगळी शिकलेली माणसं होती.

"रसायनाचं मी बघते," धाकटी म्हणाली, "तुझा हात बरा होऊ दे."

डॉक्टरांनी तिला काम शिकवलं आणि हातमोजे तिच्या हवाली केले. "हे घातल्याशिवाय भांड्यात बोट बुडवायचं नाही. आपल्या घरात एकाच्या हाताचे धिंडवडे पुरे." दुसरी अट अशी, की यंत्र चालू असताना तिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. "वीज आहे ती, खेळ नाही," ते म्हणत. धाकटीने दुसरी अट पाळली. पहिली तिच्याने पाळवली नाही. हातमोजे दादाच्या मापाचे, तिची बोटं त्यात पोहायची. काम सुरू केलं त्याच सुमाराला एका गवंड्याच्या कमरेची काच तिच्या हातून निसटून फुटली आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा जिन्यावरून खाली आणावं लागलं. पायरीपायरीला तो ओरडत होता. त्या दिवसापासून तिने हातमोजे खुंटीलाच ठेवले. दाराशी दादाची चाहूल लागली की चटकन चढवायचे, तो गेला की काढायचे. शाळेतल्या पोरीसारखी ती ही चोरी बिनबोभाट करत राहिली.

रसायन सुटलं, तरी डॉक्टरांचा हात काही सुधारेना. करंगळी गेली, मग तिच्या शेजारचं बोट गेलं. दोन्ही सर्जननेच काढली. सर्जन म्हणजे डॉक्टरांचा कॉलेजातला मित्र, जिन्यातून 'फोटोग्राफर' म्हणून हाका मारणाऱ्यांतला पहिला. मग पंजाच्या पाठीवर एक जखम झाली ती मिटायचं नाव घेईना. कडा कठीण झालेल्या, मधून सतत पाणी. सर्जनने ती दाबून पाहिली आणि त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

"हात काढायला हवा," तो म्हणाला. "आत्ता काढलास तर कोपराखाली भागेल. थांबलास तर खांद्यापासून. आणखी थांबलास तर मला बोलावूच नकोस."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

बघू! या एका शब्दावर वहिनीने संसार काढला होता. घर गळतंय, बघू. ताप आलाय, बघू. ती आता ताटातलं बारीक करून त्यांच्यापुढे ठेवायची, शर्टाची बटणं लावून द्यायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. एकदाच धाकटीला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "घराबाहेरच्या कामातलं मी त्यांना काय सांगणार? तू तिथे असतेस. तुझं ऐकतील. त्यांचा जीव वाचला पाहिजे, बाकी मला काही नको." धाकटीने मान हलवली. पण सांगायचं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी नव्या काचांचा खोका घेऊन ती यंत्राच्या खोलीशी आली तर दार नीट लागलेलं नव्हतं. आत हिरवट उजेड होता. डावा हात बँडेजमध्ये गुंडाळलेला, म्हणून दादाने नळीसमोर उजवा धरला होता. पडद्यावर पाची बोटं स्वच्छ दिसत होती. ती आल्या पावली मागे फिरली. काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं काय ते कळेना.

ते कळलं त्या संध्याकाळी, घरी. वहिनी बँडेज बदलत होती आणि धाकटीने दिव्याखाली दादाचं मनगट धरून ठेवलं होतं. जुनी पट्टी सुटली. जखम होती तशीच होती, उलट रुंदावली होती. धाकटीची नजर तिथून सरकून स्वतःच्या बोटांवर गेली. चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झालेली बोटं, नखांच्या कडा काळपट. रसायनाचे डाग, घासून न निघणारे. पण कातडी धडधाकट. एक भेग नाही, एक चामखीळ नाही. इतकी वर्षं उघड्या हाताने ती त्याच भांड्यांत बुडवत आली होती.

मग तिने दादाचा उजवा हात पाहिला. तो मांडीवर पालथा पडला होता. तर्जनीच्या नखावर बारीक उभ्या रेघा उठल्या होत्या, डाव्यावर पहिल्यांदा उठल्या होत्या तशाच.  पट्टी बांधून होईपर्यंत तिने मनगट सोडलं नाही, आणि त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या पाठोपाठच यंत्राच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.

"दादा, हातमोजे मी घालत नाही."

"काय?"

"ती गवंड्याची काच फुटली ना, तेव्हापासून. सगळं उघड्या हाताने करते. तू आलास की घालते."

तिने दोन्ही हात दिव्याखाली धरले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डॉक्टरसारखे ते हात बघितले. उलटे केले, नखं दाबली, बोटांच्या बेचक्यात भेगा शोधल्या. बराच वेळ शोधल्या.

"तुझी कातडी दणकट आहे," शेवटी ते म्हणाले. "आईवर गेलीस."

"आणि तू?"

"मी बाबांवर."

"बाबांच्या हाताला कधी काय झालं होतं रे? म्हातारा शेवटपर्यंत सरपण फोडत होता."

डॉक्टर खटक्यापाशी गेले. "रोगी ताटकळलेत. नंतर बोलू."

"रसायनाने होत नाही हे. ह्याने होतं." तिने नळीकडे बोट दाखवलं. "आता उजवाही धरतोस तू. मी पाहिलंय. आणि उजव्याचं नखही पाहिलंय."

"मग नळी कशावर बघू? अंदाजपंचे रोग्याला झोपवू? फोटो बिघडला तर सर्जन भलतीकडे सुरी घालेल. ह्या किरणांनी काही होत नाही. असंख्य लोक ह्या टेबलावर झोपून हसत घरी गेलेत."

"नक्की काही होत नाही?"

"नाही म्हटलं ना."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि तिनेच खटका ओढला.

यंत्र कडकडलं, नळी उजळली. तिने बाही वर केली आणि आपला हात मध्ये धरला. "तू बघ. कशी आहे आज नळी, सांग."

पडद्यावर तिची हाडं उमटली. आजवर तिने हजारो लोकांची हाडं काचेवर धुऊन काढली होती, पण स्वतःची कधी पाहिली नव्हती. किती बारीक होती. बोट हलवलं तर सावली हलली. हे एवढंच दिसलं तिला, कारण पुढच्या क्षणी दादाने तिला असं ढकललं की ती टेबलावर जाऊन आदळली. त्यांनी खटका पाडला. खोलीत विजेचा जळका वास राहिला.

"वेड लागलंय का तुला?" डॉक्टर ओरडले. जन्मात ते तिच्यावर ओरडले नव्हते. बँडेजमधून रक्त यायला लागलं होतं. "हात घालतेस त्यात? अक्कल आहे का?"

धाकटी खांदा चोळत उभी राहिली. "काही होत नाही ना त्याने?"

 रोग्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर डॉक्टर बसले आणि तिथे बसल्यावर तेही एक रोगीच दिसायला लागले.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"माहीत म्हणजे..." त्यांनी मान खाली घातली. "पहिलं बोट काढलं तेव्हा मनात आलं होतं. मग ठरवलं, मनात येऊ द्यायचं नाही." दाराकडे बघत ते म्हणाले, "अर्धं इस्पितळ ह्या खोलीला टाळं ठोकायला टपलंय. हे किरण माणूस खातात असं मी म्हटलं असतं, की दुसऱ्या दिवशी कुलूप. ती शिंपीण आठवते? तळव्यात सुई मोडलेली? ह्या यंत्राशिवाय ती सापडली असती? रोग्याला क्षणभर लागतात हे किरण. दिवसभर लागतात ते मला एकट्याला. म्हटलं, माझं मी बघून घेईन."

"आणि मला आत येऊ देत नव्हतास, ते विजेमुळे?"

ते बँडेजचं सुटलेलं टोक खोचू लागले. तेव्हा मात्र धाकटीला राहवलं नाही. ती रडलीही आणि तोंडाला येईल ते बोललीही. बहिणीसाठी ह्या माणसाला सगळं कळत होतं, दार लावायचं सुचत होतं, हातमोजे सुचत होते. आणि स्वतःच्या वेळी सगळी अक्कल गहाण. "घरी ती बाई रोज तुझी जखम धुते," ती म्हणाली, "आणि तू तिला रसायनाच्या थापा मारतोस? तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटते," डॉक्टर म्हणाले.

तशा रक्ताळलेल्या बँडेजनेच ते जिना चढून सर्जनकडे गेले. "काढ," एवढंच म्हणाले.  सर्जन म्हणाला, हाड कुठवर किडलंय ते कळल्याशिवाय कापता येणार नाही, फोटो लागेल.

फोटो धाकटीने काढला. डॉक्टर टेबलाशी बसून सांगत होते आणि ती करत होती. नळी पारखायची वेळ आली तशी ती थबकली. डॉक्टरांनी डाव्या हाताचं बँडेज सोडलं. "ह्यावर बघ. हा जाणारच आहे. तू मात्र अंधारखोलीच्या भिंतीआड उभी राहा, मान तेवढी काढ." पडद्यावर तीन बोटांचा हात उमटला. मधल्या बोटाचं टोक कुरतडल्यासारखं झालं होतं. "कशी आहे?" त्यांनी विचारलं. "चांगली आहे," धाकटी म्हणाली. डोळे पुसल्याशिवाय तिला नीट दिसत नव्हतं, पण नळी खरंच चांगली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टर सर्जनला म्हणाले, "हात टाकून देऊ नकोस."

"काहीतरीच काय बोलतोस?"

"हाडं साफ कर. तारेत ओवून फळीवर बसव. मांसाच्या जागी मेण भरलंस की झालं. नळीसमोर रोज कुणाचा तरी हात लागतो. तो जिवंतच असला पाहिजे असं कुठे आहे? माझ्यानंतर जो येईल तो बिनडोकपणे स्वतःचा घालणार. त्याच्याआधी तिथे माझा असू दे."

सर्जन खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. पुन्हा त्याने त्यांना कधीच फोटोग्राफर म्हटलं नाही. हाडं त्याने स्वतः साफ केली, मदतनिसाला हात लावू दिला नाही. वहिनीला हे सांगायचं काम अर्थातच धाकटीच्या गळ्यात पडलं. वहिनी भांडी लावत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणूस घरी येतोय ना? मग हाताचं तुम्ही लोक काय वाटेल ते करा." आणि पातेली आपटत राहिली.

माणूस घरी आला. काही दिवसांनी तळघरातही आला, एक बाही दुमडून टाचणी लावलेली. डॉक्टरांनी त्या भिंतीवर किरण अडवायला शिशाचा पत्रा ठोकून घेतला. चाचणीचा हात नळीसमोर स्टँडवर बसवला. इतर गावांतल्या एक्स-रेवाल्यांना त्यांनी आपलं सगळं कळवलं. काहींनी वेड्यात काढलं, काहींनी हात मागे घेतले. खोलीला टाळं लागलं नाही. ज्या भीतीपायी त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं, ती भीतीच पोकळ निघाली, आणि हे त्यांना फार लागलं. "आधीच बोलायला हवं होतं," असं ते धाकटीला पुन्हा पुन्हा म्हणत. ती त्यांची समजूत घालत नसे, कारण ते खरंच होतं.

उशीर झालाच होता. काखेत गाठ आली आणि ह्या वेळी सर्जनकडे कापायला काही नव्हतं. थंडी संपायच्या आत डॉक्टर गेले. शेवटचे दिवस ते वहिनीशी खूप बोलले. काय बोलले ते त्या दोघांचं त्यांना माहीत.

खोली धाकटीने चालू ठेवली. वरून एक तरुण डॉक्टर फोटो वाचायला येई; नळी, काचा, अंधारखोली सगळं तिच्याकडे. एके दिवशी सकाळी तिने कुलूप उघडलं, तर जिन्यात वहिनी उभी. इतक्या वर्षांत ती त्या तळघरात कधी उतरली नव्हती. ओल्या भिंती, काळा पडदा, टेबल सगळं तिने बघून घेतलं.

"दाखव मला," ती म्हणाली.

"काय?"

"तू रोज बघतेस ते."

धाकटीने तिला शिशाच्या पत्र्याआड उभं केलं आणि खटका ओढला. पडद्यावर हात उजळला. तीन बोटं, मेणाची फिकट सावली आणि त्यात गडद हाडं. वहिनीने तोंडाला पदर लावला नाही, की डोळेही मिटले नाहीत. ती बघत राहिली. मग एकदम पुढे निघाली, तसं धाकटीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "थांब वहिनी. आधी बंद करू दे."

नळी विझली. खिडकीचा पडदा सारून धाकटीने दिवसाचा उजेड आत घेतला, मग स्टँडवरून हात फळीसकट काढला आणि वहिनीला दिला. वहिनी रोग्यांच्या स्टुलावर बसली. फळी मांडीवर घेऊन तिने आपला तळवा त्या बोटांखाली सरकवला, रोज पट्टी बांधताना धरायची तसा.

"किती हलका झालाय," ती म्हणाली.

बाहेर बाकावर रोगी येऊन बसले होते. धाकटीने दार जरासं उघडून त्यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं आणि पुन्हा लोटून घेतलं.